टेकडीच्या पुस्तकावरचा शेरा

माझ्या नणंदेला जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं आणि ते एका ओळीत मावायचं. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने मला एकदाच डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि भावाला सांगितलं, "बोलेल कमी, पण विसरणार काही नाही." दुसरं खरं निघालं. पहिल्याचं काय झालं ते तुम्ही बघताच आहात.

आम्ही तिला ताई म्हणायचो. तिच्याहून वयाने मोठी माणसंही ताईच म्हणायची, कारण तिच्यासमोर सगळ्यांनाच आपण लहान आहोत असं वाटायचं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी टायरचं दुकान होतं. ते बंद पडल्यावर ताईने शाळेच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि त्या खोलीत वाचनालय काढलं. कितीही झाडलं-पुसलं तरी खोलीचा रबराचा वास गेला नाही. तो पुस्तकांना लागला आणि पुस्तकांबरोबर घरोघरी गेला. भिंतींना लोखंडी मांडण्या, मध्ये टेबल, टेबलावर शिक्का, शाईचं पॅड आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, एकसारखं. चित्र बघून पुस्तक उचलणारा माणूस जावईही तसाच निवडतो, असं ताईचं म्हणणं.

पुस्तकं काय, इतर वाचनालयांतही मिळायची. आमच्याकडे गर्दी व्हायची ती शेऱ्यांसाठी. पुस्तक वाचून झालं की ताई मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहायची, पुढच्या वाचणाऱ्याकरता. एका प्रेमकथेवर लिहिलं होतं, "दोघांपैकी एकाने जरी नोकरी धरली असती तरी पुस्तक निम्मं झालं असतं." एका जाडजूड प्रवासवर्णनावर, "लेखक सगळीकडे गेले, पोचले कुठेच नाहीत." मग सभासद त्याखाली आपले शेरे लिहायचे, पण ते वाचून कोणी हसायचं नाही. ताईच्या शेऱ्यावर मात्र लोक टेबलाशी उभे राहून हसायचे आणि ती मान वर न करता शिक्के मारत राहायची. आतून फुगलेली असायची, मला कळायचं. मी दुपारी तिथे फाटलेली पानं चिकटवायला बसायचे ना.

सगळ्यात जास्त हातांतून फिरलं ते टेकडीचं पुस्तक. त्याला खरं नाव होतं, पण खाकी कव्हरामुळे ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. "टेकडीचं आलं का?" एवढंच विचारायचे. एका टेकडीवरच्या जुन्या शेतघरात एक पंथ राहायचा. त्यांच्या मुख्याला ते थोरले म्हणायचे. चांगली शिकलीसवरलेली माणसं घरदार टाकून तिथे गेली, आणि ज्यांना परत यावंसं वाटलं त्यांना थोरल्यांच्या सांगण्यावरून बाकीच्यांनीच मारलं आणि मागच्या बागेत पुरलं. खटला संपल्यावर एका पत्रकाराने साक्षीदारांना भेटून हे लिहिलं. मेलेल्यांची नावं त्याने दिली नव्हती. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी टंकलेखिका. सगळं खरं, घडलेलं. त्यामुळे तर वाचताना हातातला चहा गार व्हायचा.

ताईने ते किती वेळा वाचलं असेल देव जाणे. वाचनालयात त्याच्या तीन प्रती होत्या, आणि चौथी तिच्या खणात. त्या खणातल्या प्रतीत शेरे नुसते मागच्या पानावर नव्हते, समासातून खाली उतरत गेले होते. पंथात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला तिने काही ना काही सुनावलं होतं. ती प्रत कोणालाही मिळायची नाही. ताईची मर्जी बसली तरच खण उघडायचा, आणि ज्याच्यासाठी उघडला तो पुढे महिनाभर ताठ मानेने फिरायचा.

त्यातला एक शेरा तर आमच्या सगळ्या गल्लीला पाठ होता. टंकलेखिकेचं प्रकरण होतं. ही बाई पहाटे टेकडी उतरून पळाली, बसस्टँडवर येऊन बाकावर बसली. तिच्या देखत शहराची बस आली, उभी राहिली, निघून गेली. आणि ही उठली आणि आल्या पावली पुन्हा टेकडी चढून गेली. पुढे तिचं काय झालं ते सांगायला नको. ताईने समासात लिहिलं होतं, "हिला मारायला मारेकऱ्यांची गरजच नव्हती." लोकांनी हे वाक्य इतकं उचललं की कोणी मोडक्या शिडीवर चढलं, कोणी सोडून आलेल्या नोकरीवर परत गेलं, तरी हेच म्हणायचे. मीही म्हटलंय. मोठ्याने हसलेसुद्धा आहे.

आता चष्मेवाल्यांबद्दल सांगते. त्यांचं दुकान वाचनालयाच्या समोरच्या रांगेत. दिवसभर छोट्या दिव्याखाली काचा घासत बसलेले. दुसऱ्यांना इतके स्वच्छ चष्मे करून द्यायचे आणि स्वतःच्या चष्म्यावर हे ओरखडे. ताईचा त्यांच्याशी सततचा व्यवहार, कारण ती वाचता वाचता झोपायची आणि चष्म्यावरच कूस बदलायची. ते काही न बोलता दांडी सरळ करून द्यायचे. "पुढच्या वेळी पुस्तकावर झोपा," एवढाच त्यांचा विनोद. या गावात ते नवरा-बायकोच आले होते. मूलबाळ नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे कोणी विचारलं नव्हतं.

त्यांची बायको गेली, आणि त्यानंतर काही दिवसांनी ते एका दुपारी प्रथमच वाचनालयाच्या आत आले. मांडण्यांकडे पाहिलंच नाही, थेट टेबलापाशी.

"ताई, ते टेकडीवरच्या लोकांचं पुस्तक आहे का?"

"आहे का म्हणजे? तुम्ही अजून वाचलं नाहीत?"

"घरात चालायचं नाही. हिला त्रास व्हायचा."

"होतो काहींना," ताई म्हणाली. तिन्ही प्रती बाहेर होत्या. तिने क्षणभर विचार केला, मग कमरेची किल्ली काढून खण उघडला. इतक्या वर्षांच्या फुकट दुरुस्त्यांची परतफेड करायची ही तिची रीत. "ही घरची प्रत. सगळ्यांना देत नाही मी. आणि शेरे सोडू नका हं वाचताना. खरी मजा त्यातच आहे."

त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. मी चिकटपट्टी कापत होते. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याचं मन रमेल.

पुस्तक परत आणलं त्या दिवशी वाचनालयात आमची बँकवाली होती. बँकेतून निवृत्त झालेली, सगळ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारी, स्वभावाने वाईट नाही. तिने खाकी कव्हराचा झिजलेला कोपरा पाहूनच ओळखलं.

"अरे वा, घरची प्रत! मिळाली का तुम्हाला? मग, कशी वाटली ती टंकलेखिका?" आणि उत्तराची वाट न बघता तिने तो शेरा म्हणून दाखवला. अगदी ताईच्या सुरात. ताई मान खाली घालून हसू दाबत होती.

"वाचला," चष्मेवाले म्हणाले. पुस्तक टेबलावर ठेवलं, कव्हरावरची सुरकुती बोटाने सरळ केली. मग ताईला म्हणाले, "माझी मुलगी ती."

ज्या आवाजात ते 'काचा तयार आहेत' म्हणायचे, त्याच आवाजात. राग नाही, रडू नाही. मग म्हणाले, "परत केल्याचा शिक्का मारता ना?"

ताईने शिक्का मारला. पॅडवर न टेकवता मारला, त्यामुळे काहीच उमटलं नाही. त्यांनी तो कार्डाचा कोरा चौकोन पाहिला, कार्ड खिशात घातलं आणि गेले.

बँकवालीला एकदम आठवलं की गॅसवर काहीतरी ठेवलंय. ताई बसून राहिली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता आणि ती लाली उतरेचना. मी पाणी दिलं, तिने ते तसंच ठेवलं. म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, खरी मजा त्यातच आहे."

"तुम्हाला काय माहीत होतं, ताई?"

"माहीत नसतं म्हणून काय झालं? कोणाची तरी असणारच होती ना ती."



त्यानंतर ताईने समोरचा रस्ता सोडला. भाजीला जायचं तरी मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून. वाचनालय उघडायची, पण टेबल उचलून अशा जागी नेलं की दारातून समोरचं दुकान दिसू नये. नवी पुस्तकं आली, त्यांची मागची पानं कोरीच राहिली. सभासद विचारायचे, "ताई, शेरा?" ती म्हणायची, "तुम्हाला डोळे आहेत ना?" खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस मला जरा गंमत वाटली. माझ्या स्वयंपाकावर, माझ्या पडद्यांवर, माझ्या माहेरावर इतकी वर्षं एकेक ओळ ऐकलेली. म्हटलं, बसलं एकदाचं कुलूप. मग एका सकाळी ती माझ्या हातचं पचपचीत झालेलं कालवण मुकाट्याने जेवली, आणि माझीच मला शरम वाटली.

त्यातच तिने पुन्हा चष्म्यावर कूस बदलली. या वेळी दांडी मुळातूनच तुटली. तिने ती दोऱ्याने बांधली. चष्मा एका डोळ्यावर वर, एका डोळ्यावर खाली.

"समोर जा ना," मी म्हटलं. "किती दिवस तोंड लपवाल?"

"कुठल्या तोंडाने जाऊ ते सांग."

"मग दुसऱ्या चष्मेवाल्याकडे जा. स्टेशनापाशी आहे एक."

"म्हणजे त्यांच्या पोटावरही पाय देऊ?"

आणि त्या बांधलेल्या चष्म्याने तिने टेकडीचं पुस्तक पुन्हा काढलं. मला वाटलं, शेरे खोडायला घेतलंय. तसं नव्हतं. ती पहिल्या पानापासून वाचायला बसली होती. अक्षरं धड दिसत नव्हती, म्हणून दुपारी मला म्हणाली, "तू वाच. मोठ्याने." मी वाचायला लागले.

पूर्वी ती हे पुस्तक कसं वाचायची ते मी पाहिलं होतं. मारण्याची पानं जवळ आली की खुर्चीत पुढे सरकायची. आता मला मध्येच थांबवायची. "तो शिक्षक, काय शिकवायचा गं तो?" मी मागची पानं चाळायचे. दिलेलं नव्हतं. "परिचारिकेच्या घरी कोण होतं?" तेही नव्हतं. थोरल्यांचा कोट कसा होता, दाढी कशी होती, ते तीन ठिकाणी होतं. समासातला शेरा आला की मी पटकन पुढच्या ओळीवर जायचे. ती म्हणायची, "गाळू नकोस. तोही वाच." आपलीच जुनी वाक्यं ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची आणि साडीच्या काठाचा धागा ओढत राहायची. एकाही वाक्याला हसू आलं नाही. हीच वाक्यं, याच खोलीत.

स्टँडचं प्रकरण आलं. मी वाचत होते, 'ती बाकावर बसून होती. मग तिने स्टँडवरच्या फोनवरून एक फोन केला. तो कोणाला, हे समजू शकलं नाही. बस आली तेव्हा ती जागची उठली नाही.'

"थांब," ताई म्हणाली. "फोनचं पुन्हा वाच."

मी वाचलं.

"हे आधीपासून आहे?"

"छापलेलं आहे, ताई. मी कुठून आणू?"

तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, नाकाला लावलं. तिचा तो गाजलेला शेरा त्या ओळीच्या अगदी शेजारी सुरू होत होता. शेरा लिहायला हात तिथे टेकलेला असणार, बहुतेक त्या ओळीवरच. इतक्या वेळा वाचूनही ती तिला दिसली नव्हती. मलाही नाही, आणि गल्लीतल्या कोणालाच नाही. ताईने पुस्तक मिटून काखेत धरलं, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मला पायऱ्या दिसत नाहीत." पायऱ्या तिला पाठ होत्या. पण मी गेले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आम्हाला बघून चष्मेवाल्यांनी घासायची काच बाजूला ठेवली. ताई उभी राहिली आणि बोलायला लागली, "मी तुमच्याकडे... माझ्याकडून जे लिहिलं गेलं..." आणि अडली. मी तिला कधी अडताना पाहिलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी जिच्याकडे एक ओळ तयार असायची, तिला आज अर्धीही सापडेना.

ते तिच्या चष्म्यावरच्या दोऱ्याकडे बघत होते. "आधी तो चष्मा द्या," म्हणाले. हातात घेऊन उलटापालटा केला. "हा गेला आता. नवाच करू. बसा, नंबर काढतो. बदललेला दिसतोय."

ताई उंच खुर्चीवर बसली. त्यांनी नंबर काढायची ती जड गोल फ्रेम तिच्या नाकावर बसवली, एकेक काच घातली, काढली. भिंतीवरची अक्षरं वाचून झाली. जवळचं वाचायचं कार्ड देण्यासाठी ते वळले, आणि त्यांना तिच्या मांडीवरचं खाकी पुस्तक दिसलं.

"तेच वाचा," ते म्हणाले. "त्याचं अक्षर कार्डापेक्षा बारीक आहे."

"हे नको."

"वाचा, ताई. स्टँडपासून वाचा."

तिने पान काढलं. मी पुस्तक खालून धरलं. ती वाचायला लागली. पहिलीतलं मूल वाचतं तसं, शब्दाशब्दावर थांबत. 'मग तिने स्टँडवरच्या फोनवरून एक फोन केला. तो कोणाला, हे समजू शकलं नाही.'

"मला," चष्मेवाले म्हणाले.

ताईने मान वर केली. त्या गोल काचांमागे तिचे डोळे केवढेतरी मोठे दिसत होते.

"तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी होतो. दुकान सकाळी लवकर उघडायचो. फोन दुकानात. ती म्हणाली, बाबा, मी येऊ का? मी म्हटलं, तुझ्या आईला आता कुठे जरा झोप लागायला लागली आहे. गेलीस ना, आता तिथेच राहा." ते बोलताना काच पुसत होते, आधीच स्वच्छ असलेली. "आणि ठेवला फोन. हिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. हिने पुस्तक घरात येऊ दिलं नाही, ते माझ्या पथ्यावरच पडलं. ही गेल्यावर वाटलं, बघावं तरी. पुस्तकाला कळलंय का. तर त्यालाही कळलं नाही."

मी भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत राहिले.

"मग शेजारी तुमचा शेरा," ते म्हणाले. "तुम्ही माफी मागायला आलात ते समजलं मला. पण खरं सांगू? तो वाचून मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या रात्री पहिल्यांदा गाढ झोपलो. म्हटलं, ताईंसारखी वाचणारी बाई म्हणते म्हणजे असेल. तिचीच चूक असेल. रोज रात्री तेवढं एक वाक्य वाचायचो आणि दिवा घालवायचो." त्यांनी काच खाली ठेवली. "पोटच्या पोरीवर ढकलून झोपत होतो मी. म्हणून लवकर आणून दिलं पुस्तक. तो शेरा खोडा, ताई. मला त्याचा आधार वाटायला लागलाय."

त्यांनी खणातून खोडरबर काढून तिच्या हातात दिलं. ताईने पान सपाट केलं आणि खोडायला लागली. जड फ्रेम घसरत होती, ती त्यांनी एका बोटाने तिच्या नाकावर धरून ठेवली. पण ताई पेन्सिल नेहमी दाबून धरायची, आपलं लिहिणं पुसट दिसलेलं तिला खपत नसे. काळेपणा गेला. कागदावर चरे राहिले. ती खोडत राहिली, कागदाचा भुगा मांडीवर पडत राहिला, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही.

"गेलं का?" त्यांनी विचारलं.

ताईने पान डोळ्यांजवळ नेलं. खोटं बोलता आलं असतं. त्यांना ते हवंही असेल.

"नाही," ती म्हणाली. "अजून वाचता येतंय. सगळं."

चष्मेवाल्यांनी मान हलवली. तिच्या नाकावरची फ्रेम अलगद काढून घेतली आणि काचा एकेक करून दिव्याखाली धरून पाहिल्या.

"म्हणजे नंबर बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी तो लिहून घेतला.